सिस्टर, एक विचारू? : पोटुशी बाई आणि तिच्या भोवतीची माणसं

या वेळी आलेल्या पत्रांत आणि व्हॉट्सॲपवरच्या प्रश्नांत निम्म्याहून जास्त गरोदरपणाचेच आहेत, म्हणून बाकीचे पुढच्या अंकाला ठेवलेत, रागावू नका. मी बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात एकतीस वर्षं नर्स म्हणून खेडोपाडी फिरले, आणि ही पत्रं वाचताना मला तेच दिसलं जे तेव्हा घराघरात दिसायचं. प्रश्न गोळीचा असतो, मशेरीचा असतो, नाहीतर पपईचा, पण प्रत्येक पत्रात एक दुसरं माणूस उभं असतं. सासू, जाऊ, शेजारची काकू, नवरा. पोटुशी बाई काय खाते, काय सोडते, दवाखान्याला कधी जाते हे ती एकटी ठरवतच नाही, तिच्या घरानं आणि गल्लीनं ते आधीच ठरवलेलं असतं. म्हणून मी उत्तरं पण त्या दुसऱ्या माणसाला धरूनच लिहिलीत. पत्रं जरा कापून घेतलीत, नावं कुणाचीच देत नाही.

प्रश्न : सिस्टर, नमस्कार. मी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यात असते, पाचवा महिना लागलाय. दवाखान्यातून लाल गोळ्या दिल्यात पण सासूबाई आणि शेजारच्या काकू म्हणतात त्या खाल्ल्या की बाळ काळं होतं आणि पोटात लई मोठं होतं, मग सीझरच करावं लागतं. मी चार दिवस खाल्ल्या तर मळमळलं, शौचाला पण काळी झाली, भीती वाटून बंद केल्या. घरात भांडण नको वाटतंय. काय करू?

अगं बाळ, आधी काळ्या शौचाचं सांगते कारण सगळी भीती तिथूनच सुरू होते. गोळीत लोह असतं, त्यातलं अंगाला लागतं ते लागतं आणि उरलेलं शौचावाटे बाहेर पडतं म्हणून रंग काळा दिसतो, बाकी काही नाही. बायका तो काळा रंग बघतात आणि तोच बाळाला लागणार असं समजतात. बाळाचा रंग आईबापाकडून येतो, गोळीतून नाही. आणि बाळ मोठं होण्याचं म्हणशील तर ही गोळी चरबी चढवत नाही, रक्त वाढवते. गरोदरपणात अंगातलं रक्त पातळ होतं, बाळाला पण लोह लागतं, वर डिलिव्हरीत रक्त जातं ते वेगळंच. त्या एका लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं, चौथ्या महिन्यापासून रोज एक अशी १८० दिवस घ्यायची आणि बाळंतपणानंतर परत १८० दिवस. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर गरोदर बाईला रक्त कमी आहे असं धरतात, आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२ टक्के गरोदर बायकांचं रक्त कमीच निघालं होतं. म्हणजे ही तुझ्या एकटीची गोष्ट नाही. तुझं शेवटचं हिमोग्लोबिन किती होतं ते कार्डावर बघ, ७ च्या खाली असेल तर गोळीवर भागत नाही, लगेच मोठ्या दवाखान्यात जायचं.

मळमळीसाठी गोळी रात्री जेवण झाल्यावर घे. चहाबरोबर नको, चहानं लोह अंगाला लागत नाही आणि आपल्याकडं तर जेवण झालं की लगेच चहाचं आधण ठेवतात. कॅल्शियमची गोळी आणि ही एका वेळी घ्यायची नाही, मध्ये दोन तास तरी जाऊ देत. जेवणात लिंबू पिळून खाल्लंस तर चांगलंच.

आता सासूबाईंचं. त्या वाईट मनानं बोलत नाहीत हे तू लक्षात घे. त्यांच्या काळात बाळंतपण घरात व्हायचं, अडलं तर पावसाळ्यात बाईला बाजेवर घालून नदीनाले ओलांडून न्यायला लागायचं, अशा वेळी बाळ लहान असलेलं बरं, आई वाचते, असं बायका धरून चालल्या. त्यातनंच 'दिवस गेले की कमी खा' आलं. त्यांनी अडलेल्या बायका डोळ्यांनी बघितल्यात, तू आणि मी तेवढ्या बघितल्या नाहीत. म्हणून 'तुम्हाला काय कळतंय' असं चुकूनसुद्धा म्हणू नकोस.

एक सांगते. जांबोटीच्या बाजूला एका घरात माझी एक पेशंट होती, सहावा महिना, रक्त आठाच्या आसपास, तीन महिन्यांच्या गोळ्या नेल्या तरी वाढ नाही. मी घरी गेले. चहाला बसले तर सुनेनं साखर काढायला फडताळ उघडलं आणि मागं तांदळाच्या डब्यावर गोळ्यांची पाकिटं एकावर एक रचलेली, एकसुद्धा फोडलेली नाही. सून खाली बघत उभी राहिली. आजेसासू चुलीपुढनं म्हणाली, "आमी काय गोळ्या खाल्लाव काय, पोरं झाली नव्हं आमाला?" मी म्हटलं आजी किती झाली? म्हणाली सात. आणि जगली किती? म्हातारी गप्प बसली आणि मग हळू म्हणाली, चार. त्या तिघांबद्दल ती मग अर्धा तास बोलली, नावं घेऊन, एकाचं तर बारसं पण झालेलं होतं. मी मध्ये बोलले नाही. उठताना एक पाकीट तिच्याच हातात दिलं आणि म्हटलं, आजी, ही गोळी सुनेला तुमच्या हातानं द्यायची, रात्री जेवण झालं की, मी पुढच्या महिन्यात येऊन तुम्हालाच विचारणार. त्यानंतर त्या घरात एक गोळी चुकली नाही. म्हातारी पाकीट कमरेच्या पिशवीत ठेवायची, तंबाखूच्या चंचीशेजारी. डिलिव्हरीला सुनेचं रक्त दहाच्या वर होतं.

म्हणून पुढच्या तपासणीला सासूबाईंना बरोबर घेऊन जा आणि सिस्टरला सांग की माझ्यापेक्षा यांना समजावा. आणि एक, अंगणवाडीत जात जा. कर्नाटकात २०१७ पासून मातृपूर्ण योजनेत गरोदर आणि बाळंतिणीला दुपारचं गरम जेवण अंगणवाडीत मिळतं, भात-सांबार, भाजी, अंडं, दूध, शेंगदाण्याची चिक्की, आणि जेवल्यावर गोळी तिथंच घेता येते. मला माहितीय नवीन सुना जात नाहीत, दुपारी रस्त्यानं एकटं जेवायला जायचं म्हणजे लोक काय म्हणतील, घरात खायला नाही काय असं वाटतं. तुमच्या आळीत अजून कुणी पोटुशी असेल तर तिच्या दारात उभी राहा आणि दोघी मिळून जा, दोघी असल्या की कुणी काही म्हणत नाही.

प्रश्न : मी निपाणीजवळ राहते, घरात बिड्या वळते, तिसरा महिना आहे. मशेरी लावायची सवय लग्नाच्या आधीपासनं. आशाताई सोड म्हणतात म्हणून चार दिवस सोडली तर पोट साफ होईना आणि डोकं धरलं. सकाळी आम्ही पाच-सहा बायका दारात बसतो, सगळ्याच लावतात, सासू आणि जाऊ पण. मी नाही लावली तर म्हणतात लई शहाणी झाली. एवढ्याशा मशेरीनं बाळाला खरंच काय होतंय का?

होतंय गं. आणि तू खरं खरं लिहिलंस, लपवलं नाहीस, म्हणून मी पण सगळं सांगते.

मशेरी म्हणजे तंबाखूच. तव्यावर काळी होईपर्यंत भाजली आणि कुटली म्हणून तिच्यातलं निकोटिन जात नाही. ते हिरडीतनं सरळ रक्तात जातं, रक्ताच्या नळ्या आवळतं, मग वारेतनं बाळाला जे रक्त आणि प्राणवायू मिळायचा तो कमी पडतो. मुंबईत १२१७ गरोदर बायकांचा अभ्यास झाला होता, २००४ साली तो छापून आला. त्यात तोंडातला तंबाखू वापरणाऱ्या बायकांत मशेरीवाल्याच जास्त होत्या. त्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी भरली आणि बाळंतपण सरासरी सहा दिवस आधी झालं. सहा दिवस आणि शंभर ग्रॅम ऐकायला थोडं वाटतं, पण ही सरासरी आहे, आणि आधीच आईचं रक्त कमी, बाळ दोन-सव्वादोन किलोचं, अशा घरात तेवढंच भारी पडतं. हे मी हातात घेतलेल्या बाळांवरनं सांगते.

पण तुझ्या पत्रातली मोठी गोष्ट मला ती सकाळची बैठक वाटते. मी पुष्कळ बघितलीय ती. उजाडताना दारात, अंगणात बायका बसलेल्या, प्रत्येकीच्या कमरेला डबी, तर्जनीचं टोक काळं, बोलता बोलता बोट दातावरनं फिरत असतं, आणि दिवसभरातलं तेवढंच अर्धा तास बाई स्वतःची असते. कुणाचा नवरा पिऊन आला, कुणाच्या बिड्या वाईट म्हणून काढून टाकल्या, कुणाची पोरगी नापास झाली, सगळं तिथं बोललं जातं. त्या बैठकीतनं उठून जा असं मी तुला सांगणार नाही. आता तर तुला ती जास्तच लागणार आहे. जी आशा किंवा नर्स नुसतं 'सोड' म्हणते तिला हे दिसत नाही की तू मशेरीबरोबर त्या सगळ्या जणी पण सोडाव्यात असं तुला ऐकू येतंय.

आणि आपल्या भागात तंबाखू शेतातच पिकते. याच निपाणीत १९८१ साली तंबाखूला भाव मिळावा म्हणून शेतकऱ्यांनी हायवे अडवला होता. ज्या पानानं घरात चूल पेटते त्याला वाईट म्हणणं जड जातं हे मला कळतंय.

मग करायचं काय तर एकटीनं सोडायचं नाही. अमेरिकेत फ्रेमिंगहॅम गावात बारा हजारांवर माणसांच्या सिगरेटच्या सवयीवर १९७१ ते २००३ अशी बत्तीस वर्षं नजर ठेवली होती, त्यात दिसलं की माणसं एकेकटी सोडत नाहीत, गटागटानं सोडतात. नवरा-बायकोतल्या एकानं सोडली तर दुसऱ्यानं ओढायची शक्यता ६७ टक्क्यांनी कमी झाली, मित्रानं सोडली तर ३६ टक्क्यांनी. ते गाव वेगळं, सिगरेट वेगळी, पण माणसाचा स्वभाव तोच. तुझ्या त्या पाच-सहा जणींतली एक निवड, जिचं तुझ्यावर खरं प्रेम आहे. जाऊ असेल तर सगळ्यात बरं, कारण ती घरातच आहे. तिला सांग की मला बाळ होईस्तोवर तू पण माझ्याबरोबर थांब. सगळ्या जणींना सांगायला जाऊ नकोस, एकीलाच सांग. दोघी नाही लावत म्हटल्यावर 'शहाणी झाली' म्हणणं बंद होतं, हे मी निदान दहा-बारा गल्ल्यांत बघितलंय.

बैठकीला जा, पण आधी घरात ब्रश करून, चूळ भरून जा, आणि हातात बडीशेप नाहीतर भाजलेला ओवा घेऊन बस, बोटाला आणि तोंडाला काहीतरी काम पाहिजे. पोटासाठी उठल्या उठल्या कोमट पाणी, दोन तांबे, आणि जेवणात पालेभाजी, रताळं, नाचणीची भाकरी. डोकं धरणं, चिडचिड हे पहिले आठ-दहा दिवस जड जातं मग उतरतं. नाहीच जमलं तर १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडवायला मदत करणारा सरकारी फुकट नंबर आहे, तिथं बोल. आणि मध्ये एखादा दिवस लावलीस तर सगळं फुकट गेलं असं समजू नकोस, दुसऱ्या दिवशी परत थांब.

बिड्या वळायचं बंद कर असं सांगायला मला तोंड नाही, तुझं घर त्यावर चालतंय. एवढं कर, झोपायच्या खोलीत तंबाखू ठेवू नको, वळायला दारात वाऱ्याला बस, आणि जेवायच्या आधी, पाणी प्यायच्या आधी हात साबणानं घासून धू. नवरा घरात ओढत असेल तर त्याला अंगणात पाठव, तो धूर पण बाळापर्यंत जातो.

प्रश्न : ग्रहणात पोटुशीनं भाजी चिरली तर बाळाचा ओठ फाटतो का? आणि पपई?

नाही फाटत. ओठ फाटणं हे बाळ पोटात धरल्यावर पहिल्या दोन-अडीच महिन्यांतच ठरून जातं, विळीचा त्याच्याशी संबंध नाही. घरातल्यांना बरं वाटावं म्हणून तुम्ही ग्रहणाचे दोन तास पडून राहिलात तर काही बिघडत नाही, पण उपाशी आणि तहानलेलं राहू नका, पाणी प्या, गोळी चुकवू नका. पिकलेली पपई खाल्ली तर चालते, कच्ची चिकाची टाळा.

प्रश्न : मी उद्यमबागला फौंड्रीत कामाला आहे. आम्ही गल्लीतलं भाड्याचं घर सोडून गावाबाहेर नवीन लेआउटमध्ये घर घेतलं. बायकोला सहावा महिना. ती चंदगड तालुक्यातली, इथं आजूबाजूला सगळे कन्नड बोलणारे, तिला कन्नड येत नाही. दिवसभर दार लावून बसते, जेवण करत नाही नीट, चालायला जा म्हटलं तर जात नाही, कधी कधी विनाकारण रडते. डॉक्टर म्हणतात रिपोर्ट नॉर्मल आहेत. माझी शिफ्ट असते, काय करावं कळत नाही.

दादा, तुम्ही हे लिहिलंत हेच मला फार बरं वाटलं, नवऱ्यांची पत्रं वर्षात दोन-तीन येतात.

रिपोर्ट नॉर्मल आहेत ते रक्ताचे आणि सोनोग्राफीचे. ती एकटी पडलीय ते कुठल्या रिपोर्टात येणार? जुन्या गल्लीत बाई दारात नुसती उभी राहिली तरी चार जणी विचारायच्या, काय गं जेवलीस काय, तोंड का उतरलंय, आमच्यात आज शेपूची भाजी केलीय नेतीस का. त्या विचारण्यामुळंच बाई दोन घास जास्त खाते, संध्याकाळी कुणाच्या तरी सोबतीनं देवळापर्यंत जाते, पायाला सूज दिसली तर कुणीतरी मोठी बाई ओळखते आणि दवाखान्याला जा म्हणते. नवीन लेआउटमध्ये घर मोठं मिळतं पण हे सगळं मागं राहतं. रस्त्याला लाईट नाही, फुटपाथ नाही, मोकळ्या प्लॉटवर कुत्री, मग सहा महिन्यांच्या पोटानं ती एकटी चालायला कशी जाईल? ती आळशी आहे असं मनात पण आणू नका.

तुमच्या शेजारच्या घरात चाळीस-पन्नाशीची एखादी कन्नड काकू असेलच. तुम्ही स्वतः बायकोला घेऊन तिथं जा, सुट्टीच्या दिवशी, हातात काहीतरी घेऊन, घरात केलेली खीर चालेल, शनिवारच्या बाजारातनं आणलेली रताळी पण चालतील. सरळ सांगा की हिला सहावा महिना आहे, दिवसा एकटी असते, जरा लक्ष ठेवा. भाषेचं फार मनावर घेऊ नका. सीमेवर राहून आपण भाषेवरनं पुष्कळ भांडलो, पण पोटुशी बाई दारात आली तर कन्नड घरातनं तिला कुणी जेवल्याशिवाय पाठवलेलं मी एकतीस वर्षांत बघितलं नाही. बायकोला दोनच शब्द शिकवा, 'ऊटा आयता?' म्हणजे जेवण झालं का. ती काकू रोज हेच विचारणार आहे आणि हिला रोज त्याचं उत्तर द्यायला लागणार, म्हणजे जेवायलाच लागणार. मोडकंतोडकं मराठी त्या काकूला पण येत असेल, बेळगावात कुणाला येत नाही?

चालायला तुम्ही शिफ्टवरनं आलात की बरोबर जा, वीस मिनिटं पुरतात. जुन्या गल्लीत आठवड्यातनं एकदा नेऊन सोडा, भिशी किंवा महिला मंडळ असेल त्या दिवशी. आईला, नाहीतर लहान बहिणीला पंधरा दिवस आणून ठेवता आलं तर ठेवा. आणि रडणं दोन आठवड्यांच्या वर चाललं, झोप उडाली, बाळाबद्दल काहीच वाटत नाही किंवा जगायला नको असं ती बोलली तर थांबायचं नाही, डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगा, आणि १४४१६ या टेलि-मानसच्या नंबरवर फोन लावा, तो रात्रंदिवस चालू असतो. त्यावर उपचार आहेत आणि गरोदरपणात घेता येतात.

प्रश्न : माझं सासर बेळगाव तालुक्यात, माहेर गडहिंग्लजकडं. सातव्यात ओटी भरून माहेरी जाणार, पहिलंच बाळंतपण आहे. तिकडची आशा म्हणते तुमचं नाव कर्नाटकात आहे, इकडची म्हणते तू आता तिकडं चाललीस. मग मी कुणाची?

दोघींची. पण हे तुलाच जुळवायला लागणार, कारण इथं बायका खरंच मधल्या मध्ये सुटतात. मोटारीनं तासाभराचं अंतर असतं पण मध्ये राज्य बदलतं, इकडचं तायी कार्ड, म्हणजे गरोदरपणाच्या नोंदींचं कार्ड, कन्नडमध्ये, तिकडची सिस्टर ते वाचू शकत नाही, आणि सातवा-आठवा-नववा हेच महिने बीपी वाढायचे असतात. आपल्या भागातली अशी एक मुलगी मला माहीत आहे जिचं आठव्यात कुणी बीपीच बघितलं नाही, दोन्हीकडच्या याद्यांत तिच्यापुढं 'बाहेरगावी' लिहिलेलं होतं. तिला झटके आले. ती वाचली, बाळ नाही वाचलं.

म्हणून निघायच्या आधी इकडच्या सिस्टरकडनं एका साध्या कागदावर इंग्रजी आकड्यांत सगळं लिहून घे, शेवटची पाळी, रक्तगट, हिमोग्लोबिन, प्रत्येक वेळचं बीपी आणि वजन, धनुर्वाताची इंजेक्शनं कधी झाली. तायी कार्ड, सोनोग्राफी, आधार आणि बँकेचं पासबुक त्याच पिशवीत. लाल गोळ्या आणि कॅल्शियम दोन महिन्यांचं मागून घे. माहेरी पोचल्यावर आठ दिवसांच्या आत तिथल्या उपकेंद्रात नाव घाल, आणि दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची डॉक्टरकडनं फुकट तपासणी असते तिला जा, ती दोन्ही राज्यांत आहे. दोन्ही आशाताईंना एकमेकींचे फोन नंबर दे, त्या बोलतील, त्यांना नुसतं कुणीतरी जोडून द्यायला लागतं. बीपी १४०/९० किंवा वर गेलं, डोकं फार दुखलं, डोळ्यांपुढं अंधारी आली, तोंडाला-हाताला सूज आली, रक्त किंवा पाणी गेलं, बाळाची हालचाल कमी वाटली तर सासर-माहेर काही बघायचं नाही, १०८ ला फोन. तो दोन्हीकडं लागतो.

आणि आईला सांग, माहेरपण म्हणजे नुसतं झोपायला आणि खायला नाही, थोडं घरातलं काम, अंगणात चालणं चालू दे.

प्रश्न : सिस्टर, मी आशा आहे. घरोघरी जाऊन तेच तेच सांगते, बायका हो म्हणतात, मान हलवतात आणि करत काहीच नाहीत. महिन्याला एक मीटिंग घ्या असं वरनं सांगितलंय पण तिथं पण मीच बोलते. काय चुकतंय?

तुमचं चुकत नाही ताई, पद्धतच तशी शिकवलीय आपल्याला. मी पण पहिली दहा वर्षं तेच केलं, कागद घेऊन उभी राहायची आणि वाचून दाखवायची.

झारखंड आणि ओडिशाच्या आदिवासी जिल्ह्यांत एकजुट नावाच्या संस्थेनं २००५ ते २००८ असं तीन वर्षं काम केलं. गावातलीच एक बाई दर महिन्याला बायकांना गोळा करायची. ती भाषण देत नव्हती. गोष्ट सांगायची, चित्रं दाखवायची आणि विचारायची, आपल्या गावात असं कुणाचं झालंय का, का झालं, आपण काय करू शकतो. बायकाच अडचण निवडायच्या, बायकाच उपाय ठरवायच्या. जिथं असे गट चालले तिथं नवजात बाळांचे मृत्यू दुसऱ्या गावांपेक्षा ३२ टक्क्यांनी कमी झाले. नवीन दवाखाना किंवा औषध नाही, बायका एकत्र बसल्या आणि घरातल्या सवयी बदलल्या, स्वच्छता आली.

ओळखीच्या बाईचा विश्वास काय असतो ते आपल्याच जिल्ह्यात पण दिसलंय. घरात किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या १६२० बायकांवर बेळगाव जिल्ह्यात एक अभ्यास झाला, २००६ ला प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतरचा जास्तीचा रक्तस्राव टाळायची गोळी गावातल्या नर्सनं तोंडावाटे द्यायची, अर्ध्या बायकांना खरी आणि अर्ध्यांना बिनऔषधाची. खरी गोळी घेतलेल्यांत जास्तीचा रक्तस्राव १२ टक्क्यांवरनं ६.४ वर आला. गोळी चांगली होतीच, पण अनोळखी गोळी बायकांनी बाळंत झाल्या झाल्या तोंडात घातली कारण देणारी रोज दारात येणारी सिस्टर होती. तुमच्याकडं ते आहे ताई, तुम्ही त्याच गल्लीतल्या आहात.

पुढची मीटिंग अशी घेऊन बघा. तुमच्या ऑफिसच्या वेळेला नाही, बायकांच्या वेळेला, भांडी घासून झाल्यावर दुपारी तीनला, बिडीचा किंवा भात लावणीचा दिवस सोडून. नुसत्या पोटुशींना बोलावू नका, त्यांच्या सासवांना आधी बोलवा, त्या आल्या की सुना आपोआप येतात. स्त्रीशक्ती संघाची, म्हणजे बायकांच्या बचत गटाची, मीटिंग असते त्यालाच जोडून घेतली तर बायका दोनदा उठत नाहीत. गोल बसवा, तुम्ही पण खालीच बसा. आणि एकच प्रश्न विचारा, तुमच्यातल्या कुणाचं बाळंतपण अवघड गेलं, सांगाल का. मग गप्प बसा. पहिले दोन-तीन मिनिटं कुणी बोलणार नाही, तुम्हाला बोलावंसं वाटेल, बोलू नका. एखादी म्हातारी सुरू करेल.

जी बाई चांगलं करतेय, गोळ्या पुऱ्या खाल्ल्या, मशेरी सोडली, तिला उभं करून टाळ्या वाजवू नका, ती लाजते आणि दुसऱ्या जणी तिच्यावर चिडतात. तिला नुसतं शेवटी चहा करायला लावा, आणि चहा करताना ज्या दोघी आत जातील त्यांना ती आपसूक सांगेल.